निरोपाच्या दौऱ्याचा लाइव्ह अल्बम : मराठवाड्यातल्या बँडकडून वारंवार येणारे प्रश्न

बँड थांबवायचं ठरलंय, शेवटचा दौरा आखलाय आणि त्याचा लाइव्ह अल्बम काढायचाय, अशी विचारणा छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड, लातूर, बीड इथून सारखी येते. एरवी एखादा अल्बम बिघडला तर पुढच्यात दुरुस्त करता येतो. इथे पुढचा नसतो, आणि बँड सुटल्यावर निर्णय घ्यायला सगळे एका जागी बसतीलच याची खात्री नसते. म्हणून खालची बरीच उत्तरं ‘पहिल्या शोच्या आधी’ काय करायचं याबद्दल आहेत.

१. अल्बममध्ये शेवटच्या रात्रीचाच शो असायला हवा का?

नाही. दौऱ्यातली कुठलीही रात्र चालते. रश या कॅनडाच्या बँडने २०१५ च्या दौऱ्याचा अल्बम काढला तो जूनमध्ये टोरोंटोत झालेल्या दोन रात्रींचा. दौऱ्याचा शेवटचा शो मात्र १ ऑगस्टला लॉस एंजलिसला झाला. ब्लॅक सॅबथने उलट केलं, ४ फेब्रुवारी २०१७ ची बर्मिंगहॅमची, म्हणजे बँडच्या स्वतःच्या गावातली आणि दौऱ्यातली शेवटची रात्रच अल्बम म्हणून आणली. थिन लिझीच्या १९८३ च्या निरोपाच्या अल्बमवर बँडचे जुने गिटारवादक एरिक बेल, ब्रायन रॉबर्टसन आणि गॅरी मूर पाहुणे म्हणून वाजवताना ऐकू येतात. क्रीमने १९६९ मध्ये तीन गाणी लाइव्ह आणि तीन स्टुडिओतली असा निरोप घेतला. तुमच्याकडे रेकॉर्ड न झालेली दोन-तीन गाणी पडून असतील, तर हा क्रीमचा मार्ग जरूर विचारात घ्या.

शेवटच्या रात्री भावना सर्वांत जास्त असतात आणि वाजवणं बहुतेक वेळा सर्वांत सैल होतं. गळा भरून येतो, टेम्पो पळतो, पाहुणे स्टेजवर चढतात. तेवढ्या एका रात्रीवर सगळा भार टाकू नका.

२. मग किती शो रेकॉर्ड करायचे?

सगळे. सहा शो असतील तर सहाही, आणि प्रत्येक साउंडचेकसुद्धा. साउंडचेकला सभागृह रिकामं असतं, त्यामुळे तिथे वाजलेला एखादा स्वच्छ सुरुवातीचा तुकडा किंवा गिटारची ओळ पुढे कामी येते. पैशांअभावी दोनच शो नीट रेकॉर्ड करता येणार असतील, तर दौऱ्याच्या मधले दोन निवडा. तोवर सेट बसलेला असतो आणि गायकाचा आवाज अजून शाबूत असतो. शेवटच्या रात्रीसाठी निदान प्रश्न ६ मधला साधा मार्ग तरी ठेवा.

३. दौरा वर्षातल्या कुठल्या महिन्यांत ठेवावा?

नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारीअखेर. फेब्रुवारी-मार्चमध्ये बारावी-दहावीच्या परीक्षा असतात. कॉलेजची मैदानं मिळत नाहीत आणि ज्यांच्यासाठी वाजवायचं ती पोरंही घरात बसलेली असतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो. दुपारच्या साउंडचेकला उन्हात ठेवलेला लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि रेकॉर्डिंगमध्ये खंड पडतो. लग्नसराईच्या दाट तिथी पंचांगात बघून टाळा. त्या दिवशी चांगला जनरेटर, चांगला साउंडवाला आणि कार्यालय, तिन्ही मिळत नाहीत.

४. सभागृह बरं की मैदान?

रेकॉर्डिंगसाठी सभागृह. संभाजीनगरचं संत एकनाथ रंगमंदिर, नांदेडचं कुसुम सभागृह किंवा परभणीचं बी. रघुनाथ सभागृह अशा ठिकाणी वारा नाही, धूळ नाही, आणि टाळ्यांना एक बंदिस्त गोलाई येते. मैदानावर गर्दी मोठी दिसते, पण तिचा आवाज वर विरून जातो आणि माइकमध्ये पातळ येतो.

सर्वांत अवघड जागा म्हणजे पत्र्याच्या छताचं मंगल कार्यालय. तिथे स्नेअरचा एक ठोका दोन-तीन सेकंद फिरत राहतो. तिथेच करायचं असेल तर मंडपवाल्याकडून जाड पडदे घ्या, ते मागच्या भिंतीला आणि दोन्ही बाजूंना सोडा, गिटारचे अँप्लिफायर बारीक ठेवा आणि माइक वाद्याच्या जितके जवळ लावता येतील तितके लावा.

५. साउंडवाल्याला आधी काय काय विचारायचं?

पहिला प्रश्न एकच: मिक्सर डिजिटल आहे का आणि त्यातून प्रत्येक चॅनेल वेगळा रेकॉर्ड होतो का? बेहरिंगर एक्स३२ किंवा मिडास एम३२ असेल तर यूएसबी कार्डातून ३२ चॅनेल थेट लॅपटॉपवर घेता येतात. मिक्सरमध्ये ते कार्ड खरंच बसवलेलं आहे ना, हे फोनवर विचारून भागत नाही. मागच्या बाजूचा फोटो मागवा.

त्यानंतर हे विचारा: डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य थेट मिक्सरला जोडणाऱ्या डब्या, किती आहेत (बेसला एक, कीबोर्डला दोन तरी हवेत), ड्रम्सचे माइक स्वतःचे आहेत की भाड्याने आणतात, जनरेटर लाइटचा आणि साउंडचा वेगळा आहे का. आपल्याकडे बरेच सेट मिरवणुकीसाठी आणि डीजेसाठी बांधलेले असतात. बेस दणदणीत, पण कंडेन्सर माइक (बारीक आवाजही टिपणारा, मिक्सरमधून वीज लागणारा) एकही नसतो. तेवढे माइक पुण्याहून किंवा संभाजीनगरहून वेगळे भाड्याने आणावे लागतील, हे गृहीत धरा.

चॅनेलचा हिशोब साधारण असा होतो: ड्रम्स ७ (किक, स्नेअर, हायहॅट, दोन टॉम, झांजांच्या वर लावलेले दोन ओव्हरहेड), बेस १, गिटार २, कीबोर्ड २, गायन ४, ढोलकी २, संबळ २, प्रेक्षक ४. एकूण २४.

६. मिक्सरच्या मेन आउटमधून (जिथून स्पीकरला आवाज जातो) सरळ स्टिरिओ रेकॉर्डिंग घेतलं तर चालणार नाही का?

आठवण म्हणून चालेल, अल्बम म्हणून नाही. छोट्या सभागृहात ड्रम्स आणि गिटारचे अँप्लिफायर आपल्याच जोरावर ऐकू जातात, म्हणून साउंडवाला त्यांना मिक्सरवर कमी ठेवतो. गायकाला मात्र पूर्ण वर काढतो. परिणामी मेन आउटच्या फाइलमध्ये कानात ओरडणारा गायक आणि त्याच्या मागे कुठेतरी बँड, असं येतं. हे नंतर सुधारता येत नाही.

वेगवेगळे चॅनेल अजिबात मिळत नसतील तर निदान चार ट्रॅकचा हँडी रेकॉर्डर घ्या, झूमचा किंवा टॅस्कमचा. दोन ट्रॅकवर मिक्सरचं मेन आउट, उरलेल्या दोनवर रेकॉर्डरचे स्वतःचे माइक. रेकॉर्डर स्टँडवर, मिक्सरच्या टेबलाजवळ, माणसांच्या डोक्यांच्या वर. दोन्ही मिसळल्यावर ड्रम्स आणि गर्दी परत येते. दोन्हींतला वेळेचा फरक कसा काढायचा ते प्रश्न १० मध्ये आहे.

७. तालुक्याच्या गावी अ‍ॅनालॉग मिक्सरच आहे. काय करता येईल?

बहुतेक अ‍ॅनालॉग मिक्सरवर प्रत्येक चॅनेलला ‘इन्सर्ट’ नावाचं भोक असतं. तिथून आवाज बाहेर काढून ८ किंवा १६ इनपुटच्या ऑडिओ इंटरफेसमध्ये नेता येतो. पुष्कळ जण साधा मोनो जॅक पहिल्या ‘टक’पर्यंत अर्धाच खुपसतात. होतं काम, पण कार्यक्रम सुरू असताना कुणाचा हात लागून तो पूर्ण आत गेला तर स्पीकरमधून तो चॅनेल गायब होतो. त्याऐवजी स्टिरिओ जॅक घ्या, त्याचं टोक आणि मधली रिंग एकमेकींना सोल्डर करा आणि जॅक पूर्ण आत बसवा. आवाज रेकॉर्डरलाही जातो आणि मिक्सरकडेही परततो. असे आठ जॅक घरी एका संध्याकाळी होतात.

आठच इनपुट असतील तर प्राधान्य असं: किक, स्नेअर, एक ओव्हरहेड, बेस, दोन्ही गिटार मिळून एक, मुख्य गायन, बाकीचं गायन मिळून एक, प्रेक्षक एक. ढोलकी-संबळ तुमच्या बँडची ओळख असेल तर स्नेअरचा चॅनेल त्यांना द्या. स्नेअर ओव्हरहेडमध्येही ऐकू येतो.

८. डिस्कवर जागा किती लागते? कुठलं सॉफ्टवेअर?

२४ बिट, ४८ किलोहर्ट्झवर एका चॅनेलला तासाला सुमारे ५१८ एमबी लागतात. २४ चॅनेल आणि साउंडचेकसह अडीच तास धरले तर एका शोला सुमारे ३१ जीबी, सहा शोंना १८७ जीबी. म्हणजे रेकॉर्डिंगसाठी ५०० जीबीची एसएसडी आणि प्रतींसाठी तेवढ्याच दोन डिस्क. ९६ किलोहर्ट्झच्या नादी लागू नका. जागा दुप्पट जाते, लॅपटॉपवर ताण येतो, आणि मैदानातल्या स्नेअरला त्याने काहीही फरक पडत नाही.

पेनड्राइव्हवर थेट रेकॉर्डिंग करू नका. तो गरम होऊन मंदावतो आणि मधले तुकडे गळतात. डिस्क फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेली असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. सॉफ्टवेअर म्हणून रीपर पुरेसं आहे. ते साध्या लॅपटॉपवर चालतं आणि ६० दिवस पूर्ण रूपात वापरून पाहता येतं. शोच्या वेळी वाय-फाय, ब्लूटूथ आणि अपडेट बंद. बफर (लॅपटॉप एका वेळी हाताळतो तो आवाजाचा तुकडा) ५१२ किंवा १०२४.

९. लेव्हल किती ठेवायची?

सरासरी -१८ डीबीएफएसच्या आसपास (या डिजिटल मोजपट्टीवर ० ला आवाज फाटतो), आणि सर्वांत मोठा ठोका -६ च्या खाली. साउंडचेकला ड्रमर जेवढं जोरात वाजवतो त्यापेक्षा शोमध्ये नेहमीच जोरात वाजवतो, म्हणून ६ डेसिबलची मोकळीक जास्तीची सोडा. कमी लेव्हलने आलेलं नंतर वाढवता येतं, फाटलेला आवाज शिवता येत नाही.

रेकॉर्डिंगचा धागा मिक्सरमध्ये ईक्यू, कॉम्प्रेसर आणि फेडर (आवाजाची सरकपट्टी) यांच्या आधी पकडा. तरीही स्पीकरचा आवाज आणि रेकॉर्डिंग या दोघांत एक गोष्ट सामाईक उरते, ती म्हणजे गेन, मिक्सरमध्ये शिरतानाच आवाज वाढवणारं बटण. शो सुरू असताना साउंडवाल्याने गेन फिरवला की तुमच्या फाइलमध्येही तिथे पायरी पडते. आवाज कमी-जास्त करायचा तर फेडरनेच करा, गेनला हात लावू नका, हे त्याला आधी नीट समजावून सांगा.

१०. प्रेक्षकांचा आवाज फार लांबचा, मेलेला येतो. माइक कुठे लावायचे?

आपल्याकडच्या कार्यक्रमांत पहिल्या दोन-तीन रांगा सोफ्यांच्या आणि मान्यवरांच्या असतात. ते शांत बसतात. शिट्ट्या, ‘वन्स मोअर’ आणि गाण्यासोबत ओरडणं सगळं मागून आणि बाल्कनीतून येतं. स्टेजच्या कडेला लावलेले माइक त्या सोफ्यांकडेच बघत असतील तर त्यांत स्पीकरच जास्त येतो. म्हणून चार माइक लावा. दोन स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत, मुख्य स्पीकरच्या मागच्या बाजूला, तोंड गर्दीकडे. उरलेले दोन सभागृहाच्या मध्यापासून मागे, तीन मीटर उंचीवर, तोंड बाल्कनीकडे किंवा मागच्या रांगांकडे. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज घेणारे) कंडेन्सर असतील तर उत्तम. मिक्सरवर त्यांचं फँटम पॉवर (केबलमधून माइकला जाणारी वीज) चालू करायला विसरू नका. मैदानावर प्रत्येकाला फोमच्या वर फरचं आवरण हवंच. माइकजवळ माणूस बसवणार असाल तर तो गप्प बसणारा निवडा.

आता वेळेचा फरक. आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. मागचा माइक स्टेजपासून २० मीटरवर असेल तर त्यात स्नेअर ५८ मिलिसेकंद उशिरा पोचतो, आणि तसाच मिसळला की प्रत्येक ठोका दुहेरी ऐकू येतो. उपाय सोपा आहे. शोआधी स्टेजवर ड्रमरला एकटा स्नेअर चार वेळा वाजवायला लावा, नंतर सॉफ्टवेअरमध्ये प्रेक्षकांचे ट्रॅक तेवढे डावीकडे, म्हणजे वेळेत आधी, सरकवून ठोके जुळवा. वेगळ्या रेकॉर्डरवर घेतलेली फाइल मात्र एका ठिकाणी जुळवून भागत नाही. दोन यंत्रांची घड्याळं तंतोतंत सारखी नसतात, तासाभरात ५० ते १०० मिलिसेकंदांचा फरक सहज पडतो. प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला ती पुन्हा जुळवावी लागते.

मिसळताना हे ट्रॅक गाण्यांच्या मध्ये वर काढा आणि गाणं सुरू होताना हळूच खाली आणा. टाळ्या कमी पडल्या म्हणून दुसरीकडच्या टाळ्या आणून चिकटवू नका. अंबाजोगाईच्या दोनशे लोकांचा खरा आवाज उसन्या पन्नास हजारांपेक्षा मोलाचा आहे.

११. रेकॉर्डिंगमध्ये सतत ‘हूं’ असा आवाज येतो. कशामुळे?

तो ५० हर्ट्झचा हम आहे, विजेतून आलेला. कारण शोधायची रीत अशी. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. हम गेला तर लॅपटॉप आणि मिक्सर वेगवेगळ्या बोर्डांवर आहेत आणि अर्थिंगचा फेरा तयार झालाय. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या. हम फक्त बेस किंवा कीबोर्डच्या चॅनेलवर असेल तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. लाइट मंद केल्यावर ‘झर्रर्र’ वाढत असेल तर दोष डिमरचा. लाइट आणि साउंड वेगळ्या जनरेटरवर किंवा निदान वेगळ्या फेजवर हवेत.

हम घालवायला प्लगची अर्थची पिन तोडायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती जिवावर बेतणारी आहे. गिटारच्या तारांवर हात आणि माइकला ओठ, अशा वेळी गायकाच्या अंगातून करंट जातो. इलेक्ट्रिशियनकडून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यातला दाब मोजून घ्या. तो दोन-तीन व्होल्टच्या आत हवा. त्याहून बराच जास्त असेल तर जनरेटरचं अर्थिंग पुन्हा करून घ्या: लोखंडी सळई ओल्या जमिनीत, त्यावर मीठ-पाणी.

१२. शो चालू असताना लाइट गेली तर रेकॉर्डिंगचं काय?

जनरेटर सुरू होऊन लाइन बदलेपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्यात डिजिटल मिक्सर बंद पडून पुन्हा सुरू होतो, आणि उघडी असलेली फाइल अर्धवट राहते. मिक्सर, स्टेजबॉक्स (स्टेजवरचे माइक जोडायची पेटी) आणि लॅपटॉप मिळून १ केव्हीएच्या ऑनलाइन यूपीएसवर ठेवा. साधा घरगुती इन्व्हर्टर इथे उपयोगाचा नाही, तो लाइन बदलताना झटका देतो. शक्य असेल तर शोच्या पंधरा मिनिटं आधीपासून शेवटपर्यंत थेट जनरेटरवरच चालवा.

बॅटरीवर चालणारा हँडी रेकॉर्डर (प्रश्न ६) दर शोला वेगळा सुरू ठेवा. मुख्य रेकॉर्डिंग गेलं तरी तो उरतो.

शो संपल्यावर, जेवणाआधी, फाइलींच्या दोन प्रती करा. ३१ जीबीला साध्या बाहेरच्या डिस्कवर पाच-सात मिनिटं लागतात. प्रत्येक फाइल उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट ऐका. मग एक डिस्क सामानाच्या छोटा हत्तीत, दुसरी बँडच्या गाडीत, लॅपटॉप तिसऱ्याच्या खांद्यावर. तिन्ही एकाच पिशवीत असतील तर ती एकच प्रत समजा.

१३. रात्री दहाचा नियम सभागृहालाही लागू आहे का?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. बंद सभागृहात आतल्याआत वापरायला मुभा आहे. पण सभागृहाचं भाडं सत्रावर असतं आणि संध्याकाळचं सत्र संपलं की तिथले कर्मचारी लाइट बंद करतात, त्यामुळे व्यवहारात घड्याळ तिथेही पाळावं लागतं. उघड्यावर पोलीस ठाण्याची लेखी परवानगी लागते. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्यापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं. वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देता येते. ते दिवस जिल्हाधिकारी जाहीर करतात. दौऱ्याची तारीख त्यात बसते का, हे आधीच पाहून घ्या.

पत्रिकेवर साडेसहा लिहिलं की कार्यक्रम साडेसात-आठला सुरू होतो, हे धरूनच गाण्यांचा क्रम लावा. लोक ज्या गाण्यासाठी आलेत ते शेवटी ठेवलं आणि पावणेदहाला साहेब स्टेजजवळ आले, तर अल्बममध्ये तेच गाणं अर्धवट राहील. ते शेवटून तिसरं ठेवा.

१४. मध्येच सत्कार, भाषणं होतात. अल्बममध्ये ठेवायची का?

आयोजकांशी पहिल्या शोच्या आधीच ठरवा: शाल-श्रीफळ सुरुवातीला किंवा मध्यंतरात, गाण्यांच्या साखळीत नाही. तरी झालंच, तर रेकॉर्डिंग थांबवू नका, नंतर कापा. निवेदकाची ओळख एकदाच, पहिल्या गाण्याआधी, वीस सेकंदांपर्यंत ठेवायला हरकत नाही. गायकाचं गाण्यांमधलं बोलणं मात्र कंजूषपणे कापू नका. परभणीच्या स्टेजवर परभणीच्या बोलीत मारलेली हाक हा त्या अल्बमचाच भाग आहे. फक्त दुसऱ्या ऐकण्यात कंटाळा येणारं काढा.

१५. चुकलेला सूर स्टुडिओत पुन्हा गाऊन बसवला तर ती फसवणूक होते का?

हा वाद जुना आहे. थिन लिझीच्या १९७८ च्या लाइव्ह अल्बममध्ये स्टुडिओतलं काम किती, यावर निर्माते टोनी व्हिस्कॉन्टी आणि बँड यांचं कधीच जुळलं नाही. द बँडच्या १९७६ च्या निरोपाच्या मैफलीचं रेकॉर्डिंगही प्रकाशनाआधी स्टुडिओत दुरुस्त केलेलं आहे.

आमचं मत असं: केबल तुटली, माइक बंद पडला, बेसचा चॅनेल आलाच नाही, तर तेवढं पुन्हा वाजवा आणि मुखपृष्ठाच्या आत तसं लिहा. सूर थोडा उतरला म्हणून गाणं पुन्हा गाऊ नका. तांत्रिक अडचणही आहे. ड्रम्सच्या माइकमध्ये मूळ गायनाची सावली असते. नवं गायन त्यावर बसवलं की दोन आवाज ऐकू येतात. त्यापेक्षा दुसऱ्या रात्रीचा चांगला शो घ्या. सगळे शो रेकॉर्ड करायचे ते याचसाठी.

१६. अर्धं गाणं नांदेडचं, अर्धं लातूरचं, असं जोडता येतं का?

ड्रमर कानात क्लिक (मेट्रोनोमचा ठोका) घेऊन वाजवत असेल तर येतं. नसेल तर टेम्पो जुळत नाही. जोड नेहमी ड्रम्सच्या मोठ्या ठोक्यावर किंवा पूर्ण थांब्यावर द्या, आणि सगळे ट्रॅक एकत्र कापा. एकट्या गायनाचा तुकडा आणला तर त्याच्यासोबत त्या रात्रीचा स्नेअरही येतो. सूर तपासा. बँडमध्ये हार्मोनियम असेल आणि ती दोन गावांत वेगवेगळी भाड्याने घेतली असेल, तर दोन रात्रींचा षड्ज थोडा वेगळा असू शकतो. एकच पेटी दौऱ्यासोबत न्या. सभागृहाची घुमही बदलते, म्हणून जोडाच्या जागी प्रेक्षकांचे ट्रॅक दोन-तीन सेकंद एकमेकांत विरघळवा.

१७. आम्ही दुसऱ्यांची गाणी वाजवतो. ती अल्बममध्ये घेता येतील का?

कार्यक्रमात वाजवण्याचा परवाना (तो साधारणपणे आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडून, आयोजक घेतात) आणि रेकॉर्ड करून प्रकाशित करण्याचा हक्क, हे दोन वेगळे आहेत. पहिला मिळाला म्हणून दुसरा मिळत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ सी मध्ये कव्हरसाठी तरतूद आहे: मूळ रेकॉर्डिंग झालं त्या वर्षाच्या अखेरीपासून ५ वर्षं उलटलेली हवीत, शब्द-संगीतात मनाजोगते बदल करता येत नाहीत आणि दरवर्षी किमान ५०,००० प्रतींची रॉयल्टी आगाऊ भरावी लागते. छोट्या बँडला हे परवडणारं नाही. सरळ मार्ग म्हणजे गाण्याच्या हक्कधारकाकडून लेखी परवानगी. ती येईपर्यंत ते गाणं यादीत धरू नका. कार्यक्रमात जरूर वाजवा.

१८. आणि अभंग, भारूड, गोंधळ?

एकनाथांचं भारूड, नामदेवांचा किंवा जनाबाईंचा अभंग, यांच्या शब्दांवर कुणाचा हक्क उरलेला नाही. चालीचं तसं नाही. ती विसाव्या शतकातल्या एखाद्या संगीतकाराने बांधलेली असेल तर त्याच्या निधनानंतर ६० वर्षं तिला संरक्षण असतं. त्यामुळे परंपरेने दिंडीत गायली जाणारी किंवा तुम्ही स्वतः बांधलेली चालच घ्या, आणि नावाच्या जागी ‘शब्द : संत एकनाथ, संगीत : बँड’ असं स्पष्ट लिहा. गोंधळ्यांना स्टेजवर बोलावलं असेल तर कलाकार म्हणून त्यांचे हक्क तुमच्याइतकेच आहेत. पुढचा प्रश्न वाचा.

१९. बँड सुटल्यावर पैसे आणि हक्क कोणाकडे?

सर्वांत जास्त भांडणं इथे होतात, आणि ती टाळता येतात. पहिल्या शोच्या आधी मुद्रांकावर दोन पानी करार करा, नोटरी करा. त्यात हे हवं:

रेकॉर्डिंगचा मालक कोण. कायद्याने ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, म्हणजे ज्याने खर्च आणि जबाबदारी उचलली त्याचा असतो. प्रकाशनापासून ६० वर्षं. सगळ्यांनी वर्गणी काढली असेल तर टक्केवारी लिहा.

प्रत्येक गाण्याचे गीतकार आणि संगीतकार कोण. बँड सोडून गेलेल्या माणसाने गाणं बांधलं असेल तर त्याचं नाव आणि वाटा राहतो, मग त्याच्याशी बोलणं असो वा नसो.

पाहुण्या कलाकारांची लेखी संमती. ढोलकीवाल्याला रात्रीची बिदागी रोख दिली म्हणजे रेकॉर्डिंगची परवानगी मिळाली असं होत नाही. कलाकाराचा हक्क ५० वर्षं असतो. एका पानावर नाव, गाणी, तारीख, मोबदला आणि सही, बस्स.

अंतिम मिक्सला होकार कोण देणार. पाच जणांची एकमताची अट घातली तर अल्बम कधीच निघणार नाही. दोघांना अधिकार द्या आणि तीन महिन्यांची मुदत घाला.

वितरकाचं खातं, बँक खातं आणि पासवर्ड कुणाकडे, हिशोब वर्षातून कधी.

२०. प्रकाशित करताना नेहमी काय चुकतं?

स्टुडिओ अल्बममधल्या गाण्याचा जुना आयएसआरसी कोड लाइव्ह गाण्याला लावतात. १२ अक्षरी कोड रेकॉर्डिंगचा असतो, गाण्याचा नाही. लाइव्हला नवा लागतो, नाहीतर दोन्हींचे आकडे आणि पैसे एकमेकांत मिसळतात. प्रत्येक शीर्षकापुढे ‘लाइव्ह’ आणि गाव लिहा.

ट्रॅकच्या सीमेवर टाळ्यांत ‘टक’ ऐकू येतो. अख्खा शो एकच लांब फाइल म्हणून मास्टर करा आणि मग कापा. सीडी काढायची असेल तर काप सीडीच्या फ्रेमवर, म्हणजे सेकंदाच्या ७५ व्या भागावर हवा. देताना डब्ल्यूएव्ही द्या. एमपी३ च्या टोकांना रिकामी जागा जोडली जाते आणि टाळ्या तुटतात.

मास्टर फार जोरात करू नका. स्पॉटिफाय साधारण -१४ लफ्सला (आवाजाच्या सरासरी जोराचं माप) आणून ठेवतं. शिखर -१ डीबीच्या खाली ठेवा. लाइव्ह रेकॉर्डिंग जास्त दाबलं की सर्वांत आधी टाळ्यांचा खरखराट होतो.

निरोपाच्या अल्बमसाठी वितरक निवडताना एक गोष्ट खास बघा. काही जण वार्षिक शुल्क घेतात आणि ते भरलं नाही की गाणी उतरवतात. बँड उरलेला नसताना तिसऱ्या वर्षी ते कोण भरणार? एकदाच पैसे किंवा कमाईतला वाटा घेणारा वितरक बरा. प्रकाशनाच्या चार आठवडे आधी सगळं चढवा. मुखपृष्ठ ३००० बाय ३००० पिक्सेल.

२१. अल्बम किती मिनिटांचा असावा?

सीडीत ७९ मिनिटांच्या आत. एलपीच्या एका बाजूला २० मिनिटांच्या आसपास. त्यापुढे खाचा दाटतात आणि बेस कमी करावा लागतो. ऑनलाइनला मर्यादा नाही, पण ७० मिनिटांत दौरा नीट सांगता येतो.

२२. पुढे पुन्हा एकत्र आलो तर लोक काय म्हणतील?

एलसीडी साउंडसिस्टीमने २ एप्रिल २०११ ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनला निरोप घेतला, त्याचा अल्बम २०१४ मध्ये आला आणि २०१६ मध्ये ते परत स्टेजवर होते. स्कॉर्पिअन्सने २०१० मध्ये निरोपाचा दौरा जाहीर केला आणि नंतरही वाजवत राहिले. ब्लॅक सॅबथचे मूळ चौघे जुलै २०२५ मध्ये बर्मिंगहॅमलाच पुन्हा उभे राहिले. तेव्हा अल्बमच्या नावात ‘अखेरचा’ घालण्याआधी विचार करा. ‘दौरा’ आणि वर्ष कधीच खोटं ठरत नाही. करारात (प्रश्न १९) एक ओळ घाला: पुन्हा एकत्र आल्यास बँडचं नाव वापरायला किती जणांची संमती लागेल.

२३. अल्बम निघाल्यावर मूळ ट्रॅकचं काय करायचं?

पुसू नका. दहा वर्षांनी कुणाला नव्याने मिसळावंसं वाटेल, एखाद्याच्या घरच्यांना त्याचं एकट्याचं गाणं हवं असेल. रीपरच्या प्रोजेक्टसोबत प्रत्येक ट्रॅक शून्यापासून सुरू होणारी वेगळी डब्ल्यूएव्ही म्हणून काढा, म्हणजे कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडेल. फाइलीच्या नावात तारीख, गाव, वाद्य असू द्या: ‘२०२६-०१-१८_नांदेड_स्नेअर’ असं. दोन डिस्क दोन वेगळ्या गावांत, एक प्रत क्लाउडवर. डिस्क वर्षातून एकदा लावून उघडून बघा आणि पाच वर्षांनी नव्या डिस्कवर उतरवा. हे काम करणाऱ्या माणसाचं नाव करारातच लिहा.